शिलालेख, धूळपाटी आणि वही
न बदलणाऱ्या यंत्राने लिहायचे कुठे?

घरातला किंवा कचेरीतला संगणक बंद करण्याची एक ठरलेली रीत असते. पडद्यावरचा बंद करण्याचा पर्याय निवडला, की संगणक उघड्या फाइली बंद करतो, अर्धवट राहिलेले लेखन पुरे करतो आणि मगच स्वतःची वीज तोडतो. इंटरनेटचा राउटर, दूरचित्रवाणीचा सेट-टॉप बॉक्स, बसवाहकाच्या हातातील तिकीट-यंत्र किंवा कारखान्यातील नियंत्रक पेटी यांच्या पोटातही संगणकच असतो, परंतु त्याला अशी सवड क्वचितच मिळते. कोणी खटका बंद करतो, कोणी प्लग ओढतो, कधी वीजच जाते, आणि त्या क्षणी तो संगणक काय लिहीत होता याची चौकशी कोणी करत नाही. एखाद्या ठरावीक कामासाठी दुसऱ्या यंत्राच्या आत कायमच्या बसवलेल्या अशा संगणकाला एम्बेडेड, म्हणजे अंतःस्थापित, प्रणाली म्हणतात. आणि वीज परत आली की तिने कोणाच्याही मदतीवाचून, पहिल्या दिवशी उठली होती तसेच उठावे, अशी अपेक्षा असते. ज्या महाराष्ट्राने भारनियमनाची वर्षे पाहिली आहेत, तेथे या अपेक्षेचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

ही अपेक्षा पुरी करण्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे यंत्राची मूळ फाइलप्रणाली केवळ-वाचनीय ठेवणे. साठवणीतील माहिती फाइली आणि निर्देशिका, म्हणजे रोजच्या बोलण्यातले फोल्डर, यांच्या रूपात मांडण्याच्या व्यवस्थेला फाइलप्रणाली म्हणतात. आणि ज्या खोडापासून तिच्या बाकीच्या फांद्या फुटतात, ज्यात ऑपरेटिंग सिस्टीम आणि तिचे सर्व कार्यक्रम असतात, ती मूळ किंवा रूट फाइलप्रणाली होय. तिच्यात लिहिण्याची सोयच ठेवली नाही, तर वीज कोणत्याही क्षणी गेली तरी ती सहसा बिघडत नाही, कारण जे लिहिलेच जात नाही ते अर्धवट लिहिले जाण्याचा प्रश्न उद्भवत नाही. पण काहीच न लिहिता चालणारे यंत्र जवळजवळ नसते. राउटरला मालकाने ठरवलेला पासवर्ड लक्षात ठेवावा लागतो, तिकीट-यंत्राला दिवसभराचा हिशेब सांभाळावा लागतो आणि नियंत्रक पेटीला कोणता बिघाड केव्हा झाला याची नोंद ठेवावी लागते. म्हणून मूळ भाग गोठवणे हा कामाचा सोपा अर्धा भाग ठरतो. उरलेला अवघड भाग म्हणजे कुठे लिहायचे, किती वेळा लिहायचे आणि ते किती काळ टिकले पाहिजे, हे प्रत्येक गोष्टीपुरते वेगळे ठरवणे. यंत्र दहा वर्षे चालणार की काही वर्षांतच भंगारात जाणार, हे पुष्कळदा या दुसऱ्या भागावर अवलंबून असते.

ज्यावर लिहायचे त्याचा स्वभाव

हा प्रश्न एवढा नाजूक का, हे कळण्यासाठी लेखन ज्या साधनावर होते त्याचा स्वभाव पाहावा लागतो. अंतःस्थापित यंत्रांत सहसा फिरती हार्ड डिस्क नसते, फ्लॅश स्मृती असते. जपानच्या तोशिबा कंपनीत काम करणारे फुजिओ मासुओका हे तिचे जनक. तिचा नॉर हा प्रकार त्यांनी १९८४ मध्ये आणि नँड हा प्रकार १९८७ मध्ये जगापुढे मांडला. मोबाइल फोन, मेमरी कार्डे आणि पेन ड्राइव्ह यांत आज नँड स्मृतीच असते. ती स्वस्त आहे, आकाराने लहान आहे, तिच्यात हलणारा भाग नाही आणि वीज गेली तरी तिच्यातील माहिती टिकते. परंतु तिचे दोन नियम असे आहेत, की ते विसरून तिच्यावर लिहिणाऱ्याला ती दगा दिल्याशिवाय राहत नाही.

पहिला नियम पुसण्याचा. नँड स्मृतीत लेखन पानापानाने होते, पुसणे मात्र गठ्ठ्यागठ्ठ्याने होते. एका नेहमीच्या रचनेत पान २ किलोबाइटचे असते आणि अशी ६४ पाने मिळून १२८ किलोबाइटचा एक गठ्ठा होतो. कोऱ्या पानावर लिहिता येते, पण लिहिलेल्या पानावर पुन्हा लिहायचे तर आधी ते पुसावे लागते, आणि एकटे पान पुसता येत नाही. म्हणजे पासवर्डातील एक अक्षर बदलायचे असले, तरी सरळ वाटेने जायचे म्हटल्यास शेजारची त्रेसष्ट पाने दुसरीकडे उतरवून घ्यायची, सगळा गठ्ठा पुसायचा आणि सगळे पुन्हा लिहायचे, असा उद्योग करावा लागतो. या उद्योगाच्या मध्येच वीज गेली, तर ज्या फाइलीला कोणी हातही लावला नव्हता ती शेजारची फाइलही नाहीशी होऊ शकते. मेमरी कार्डात आणि ईएमएमसी नावाच्या चिपांत ही उलाढाल आतला एक छोटा नियंत्रक बाहेरच्यांना न दाखवता करत असतो. त्यामुळे एकाच कार्डाचे दोन भाग करून एक केवळ-वाचनीय ठेवला, तरी दुसऱ्या भागावरच्या लेखनाची झळ पहिल्याला कधीच लागणार नाही, अशी हमी देता येत नाही. ज्यांना ही हमी हवी असते ते अभियंते मूळ प्रणालीसाठी वेगळी चिपच ठेवतात.

दुसरा नियम झिजेचा. प्रत्येक वेळी पुसताना आणि लिहिताना माहिती साठवणारी सूक्ष्म पेशी थोडी झिजते आणि ठरावीक चक्रांनंतर ती माहिती धरून ठेवीनाशी होते. एका पेशीत एकच बिट साठवणाऱ्या महाग स्मृतीला साधारण एक लाख चक्रे झेपतात, दोन बिटांच्या स्मृतीला सुमारे तीन ते दहा हजार, तर तीन बिटांच्या स्वस्त स्मृतीला एक ते तीन हजारांच्या घरात. वाचनाने होणारा परिणाम याच्या तुलनेत अगदी किरकोळ असतो. म्हणून फ्लॅशवर केलेले प्रत्येक लेखन हे यंत्राच्या आयुष्यातून केलेला खर्च आहे, असे मानूनच रचना करावी लागते.

मूळ प्रणालीचा शिलालेख

जे बदलते ते आणि जे बदलत नाही ते वेगळे ठेवावे, हा विचार अंतःस्थापित यंत्रांच्या आजच्या पिढीपेक्षा जुना आहे. सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीच्या संगणकांपैकी काहींना स्वतःची डिस्क नसे. ते जाळ्यावरील एका सामायिक संगणकाकडून कार्यक्रम वाचून घेत. सर्वांनी वाचायच्या त्या भागात एकेकाने आपापले लिहून चालणार नव्हते, म्हणून १९८८ च्या सनओएस ४.० या आवृत्तीत नोंदी, टपाल आणि छपाईची रांग यांसारख्या बदलत्या गोष्टी ‘यूएसआर’ या निर्देशिकेतून उचलून ‘व्हार’ या वेगळ्या निर्देशिकेत नेण्यात आल्या. बदलते या अर्थाच्या इंग्रजी शब्दावरूनच हे नाव आले. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये कोणती फाइल कुठे असावी हे सांगणारे मानक १९९४ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाले, आणि त्याच्या पुढच्या आवृत्त्यांनी ‘यूएसआर’ केवळ-वाचनीय ठेवता यावे, हेच ‘व्हार’चे प्रयोजन म्हणून नोंदवले. डिस्क नसलेल्या संगणकांच्या गरजेतून झालेली ही वाटणी पुढे राउटरांच्या आणि फोनांच्या उपयोगी पडली.

लिनक्सवर चालणाऱ्या छोट्या यंत्रांत मूळ भागासाठी स्क्वॉशएफएस ही फाइलप्रणाली फार वापरली जाते. ती २००२ मध्ये प्रथम आली आणि २००९ मध्ये लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये, म्हणजे त्याच्या गाभ्यामध्ये, सामील झाली. तिच्यात लिहिण्याची सोय मुळातच नाही. कारखान्यात किंवा विकसकाच्या संगणकावर सगळ्या फाइली दाबून तिची एकसंध प्रतिमा तयार होते आणि ती जशीच्या तशी फ्लॅशवर उतरवली जाते. पुढे काही वाढणार नाही हे ठाऊक असल्यामुळे मोकळी जागा राखून ठेवावी लागत नाही आणि त्या जागेचा हिशेबही ठेवावा लागत नाही. शिलालेख कोरणारा जसा मजकूर आधी पक्का करतो आणि मगच छिन्नी उचलतो, तसेच हे काम आहे.

शिलालेखाचा आणखी एक लाभ सुरक्षेचा आहे. जी प्रतिमा बदलणार नाही, तिच्या प्रत्येक तुकड्याचा गणिती ठसा आधीच काढून ठेवता येतो, त्या ठशांचे ठसे काढता येतात, आणि असे वर वर जात शेवटी एकच ठसा उरतो. यंत्र चालताना वाचलेला प्रत्येक तुकडा या ठशांशी ताडून पाहिला, की कोणी मधल्या काळात एक अक्षर बदलले असले तरी ते उघडकीस येते. डीएम-व्हेरिटी नावाची ही व्यवस्था २०१२ मध्ये लिनक्समध्ये आली, आणि २०१३ च्या अँड्रॉइड ४.४ पासून ती फोनांतही वापरता येऊ लागली. क्षणाक्षणाला बदलणाऱ्या फाइलप्रणालीवर अशी राखण ठेवणे शक्य नाही, कारण तेथे प्रामाणिक बदल आणि घुसखोराचा बदल एकमेकांसारखेच दिसतात.

प्रत्येक नोंदीचे आयुष्य

शिलालेख कोरून झाल्यावर खरी निवड सुरू होते. नेहमीच्या संगणकासाठी लिहिलेले कार्यक्रम कुठेही लिहिता येईल असे गृहीत धरून चालतात, आणि तेच कार्यक्रम गोठवलेल्या प्रणालीवर चालवले की एकामागून एक तक्रारी करू लागतात. त्यांची प्रत्येक फाइल हाती घेऊन, ही किती काळ जगली पाहिजे, असा प्रश्न विचारावा लागतो, आणि उत्तरे तीन प्रकारची येतात.

काही गोष्टी यंत्र चालू असेपर्यंतच हव्या असतात. कोणता कार्यक्रम चालू आहे याची खूण, इंटरनेट सेवेने आज दिलेला पत्ता, अर्धवट उतरवलेली फाइल, यांना वीज गेल्यानंतर काहीही अर्थ उरत नाही. जुन्या शाळांत मुले धूळपाटीवर अक्षरे गिरवीत आणि पाटी हलवली की ती मोडत. तशी धूळपाटी येथे रॅममध्ये, म्हणजे वीज असेपर्यंतच माहिती धरणाऱ्या स्मृतीत, तयार करतात. टीएमपीएफएस या फाइलप्रणालीत ठेवलेली प्रत्येक फाइल सहसा फक्त रॅममध्ये असते, त्यामुळे फ्लॅश झिजत नाही आणि यंत्र उठताना पाटी नेहमी कोरी मिळते. मात्र तिला मर्यादा घालावी लागते. ती सांगितली नाही तर लिनक्स अशा एका पाटीला रॅमच्या निम्म्या भागापर्यंत वाढू देते, आणि एखादा बडबडा कार्यक्रम तिच्यावर नोंदी ओतत राहिला तर मुख्य कामालाच रॅम पुरेनाशी होते.

दुसऱ्या काही गोष्टी वीज गेली तरी टिकल्या पाहिजेत : मालकाने केलेली मांडणी, जमा झालेली मोजमापे, विक्रीचा हिशेब. त्यांच्यासाठी वही लागते, म्हणजे फ्लॅशचा असा वेगळा भाग, ज्यावर लिहिता येते आणि जो जपूनच वापरायचा असतो. तिसऱ्या प्रकारात कारखान्यात एकदाच लिहिलेल्या नोंदी येतात, जसे यंत्राचा अनुक्रमांक, जाळ्यावरील त्याचा कायमचा पत्ता किंवा त्याच्या संवेदकाचे अंशांकन. त्या प्रत्येक यंत्रात वेगळ्या असल्यामुळे सर्वांना सारख्या असणाऱ्या शिलालेखात बसत नाहीत, आणि मालकाने वही पुसली तरी त्या जाऊन चालत नाही. म्हणून त्यांना स्वतंत्र छोटा कप्पा दिला जातो.

ही विभागणी कागदावर सोपी दिसते, पण काही फाइली तिच्या सीमेवरच बसलेल्या असतात. एसएसएच या सुरक्षित संपर्काच्या पद्धतीत प्रत्येक यंत्राची एक गुप्त किल्ली असते आणि तिच्यावरून समोरचा संगणक त्या यंत्राची ओळख पटवतो. ही किल्ली शिलालेखात कोरली, तर विकलेल्या सर्व यंत्रांची किल्ली एकच होईल आणि एक यंत्र उघडणाऱ्याच्या हाती सगळीच लागतील. ती धूळपाटीवर ठेवली, तर प्रत्येक वेळी यंत्र नवी किल्ली घेऊन उठेल आणि समोरचा संगणक, ओळख बदलली आहे, असा इशारा देत राहील. असे इशारे रोज येऊ लागले की माणसे ते न वाचता पुढे जाऊ लागतात आणि खरी फसवणूकही तशीच निसटून जाते. म्हणून ती पहिल्यांदा वीज लावल्यावर, पुरेशी यादृच्छिकता गोळा झाल्यानंतर, एकदाच तयार करून वहीत नोंदवणे एवढाच मार्ग उरतो.

वेळेचेही तसेच आहे. स्वस्त यंत्रांत बॅटरीवर चालणारे घड्याळ नसते, त्यामुळे वीज आल्यावर लिनक्स आपली कालगणना १ जानेवारी १९७० पासून सुरू करू शकते. आज १९७० साल आहे असे समजणाऱ्या यंत्राला संकेतस्थळांची सुरक्षा-प्रमाणपत्रे अजून लागूच झालेली नाहीत असे वाटते, ते सुरक्षित जोडणी नाकारते, आणि जोडणीअभावी जाळ्यावरून खरी वेळ विचारण्याचा मार्गही बंद होऊ शकतो. यावर तोडगा म्हणून वेळोवेळी, उदाहरणार्थ तासाला एकदा, तेव्हाची वेळ वहीत लिहून ठेवतात आणि उठल्यावर घड्याळ निदान तिथून पुढे सुरू करतात. एवढीशी नोंद, पण ती कुठेच लिहायची नाही असे ठरवले तर यंत्र जगाशी बोलू शकत नाही, आणि दर सेकंदाला लिहायचे ठरवले तर ते स्वतःची फ्लॅश खाऊन टाकते.

नकाशावरचा पारदर्शक कागद

फाइलीगणिक निवड करण्याऐवजी सगळ्या शिलालेखावर एक लेखनक्षम थर अंथरण्याची पद्धतही रूढ आहे. छापील नकाशावर पारदर्शक कागद ठेवून त्यावर खुणा केल्या, तर पाहणाऱ्याला नकाशा आणि खुणा एकत्र दिसतात, नकाशा मात्र जसाच्या तसा राहतो. ओव्हरलेएफएस ही फाइलप्रणाली असेच करते. ती २०१४ च्या डिसेंबरमध्ये लिनक्सच्या ३.१८ या आवृत्तीतून मुख्य कर्नलमध्ये आली. खालच्या थरातील फाइल कोणी बदलू लागले, की ती आधी पूर्णपणे वरच्या थरात उतरते आणि बदल त्या प्रतीत होतो. खालची फाइल पुसली, तर वरच्या थरात, ही नाही असे समजावे, अशी एक खूण उमटते.

या पद्धतीचे सर्वांत परिचित घर म्हणजे राउटर. लिंक्सिस कंपनीचा डब्ल्यूआरटी५४जी हा राउटर २००२ च्या डिसेंबरमध्ये बाजारात आला. त्याच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत फक्त ४ मेगाबाइट फ्लॅश आणि १६ मेगाबाइट रॅम होती. त्यात लिनक्स असल्याचे स्पष्ट झाल्यावर लिनक्सच्या परवान्याच्या अटींनुसार त्याच्या कार्यक्रमांचा स्रोत २००३ मध्ये खुला झाला आणि त्यातून २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हा मुक्त प्रकल्प उभा राहिला. आजही ओपनडब्ल्यूआरटीच्या नेहमीच्या मांडणीत खाली स्क्वॉशएफएसचा शिलालेख असतो आणि वर फ्लॅशसाठी खास रचलेल्या फाइलप्रणालीचा पारदर्शक कागद असतो. राउटरच्या मागच्या बारीक छिद्रात टाचणी खुपसून काही सेकंद दाबून धरली, की सगळी मांडणी पुसली जाऊन राउटर नव्यासारखा होतो, हे अनेक घरांना ठाऊक आहे. ओपनडब्ल्यूआरटीत त्या वेळी कोणतीही जुनी प्रत परत आणली जात नाही. वरचा कागद तेवढा फेकला जातो आणि खालचा नकाशा, जो कधी बदललाच नव्हता, पुन्हा दिसू लागतो. वरच्या कागदावर काही घोळ झाला असेल, तर तो बाजूला ठेवून फक्त नकाशावर चालण्याची, फेलसेफ नावाची अवस्थाही त्यात आहे.

पारदर्शक कागदाची सोय मोठी आहे, म्हणून तिच्यातला धोकाही ध्यानात ठेवला पाहिजे. मालकाने तीन वर्षांपूर्वी एका फाइलीतील एक ओळ बदलली असेल, तर ती संपूर्ण फाइल वरच्या थरात जाऊन बसलेली असते. पुढे उत्पादकाने त्याच फाइलीतील सुरक्षेची चूक दुरुस्त करून नवा शिलालेख पाठवला, तरी वरची जुनी प्रत दुरुस्त फाइलीला झाकून टाकते. यंत्र नवी आवृत्ती असल्याचे सांगते आणि वागते जुन्यासारखे. शिवाय जो कागद सर्व नकाशावर पसरला आहे त्यावर कोणताही कार्यक्रम कुठेही लिहू शकतो, आणि कोण किती लिहितो याचा हिशेब कोणाकडेच राहत नाही. म्हणून काटेकोर रचनांत हा कागद संपूर्ण मुळावर न पसरता मांडणीच्या ‘ईटीसी’ या एका निर्देशिकेपुरता कापून घेतात, किंवा कायम ठेवायच्या फाइलींची नेमकी यादी करून तेवढ्याच वहीत नेतात.

वही कशी लिहावी

वहीवरचा खर्च किती झपाट्याने वाढतो, हे एका साध्या हिशेबाने दिसते. एखादे यंत्र दर सेकंदाला १०० बाइटांची एक ओळ नोंदवते आणि प्रत्येक ओळ लगेच फ्लॅशवर उतरवते, असे धरू. दिवसाच्या ८६,४०० सेकंदांत खरा मजकूर जेमतेम साडेआठ मेगाबाइट होतो. पण साठवणीत एका वेळी कमीत कमी ४ किलोबाइटांचे पान लिहावे लागत असेल, तर प्रत्यक्षात रोज सुमारे ३३८ मेगाबाइट लिहिले जातात. वहीला ६४ मेगाबाइट जागा असेल, झीज सर्व पेशींत सारखी वाटली जात असेल आणि प्रत्येक पेशी ३,००० चक्रे सोसत असेल, तर ती वही सुमारे ५६८ दिवसांत, म्हणजे दीड वर्षाच्या आसपास, संपते. त्याच ओळी रॅममध्ये साठवून तासाला एकदा एकत्र उतरवल्या, तर आयुष्य जवळजवळ चाळीसपट वाढते. मोबदल्यात वीज अचानक गेली तर शेवटच्या तासाच्या नोंदी जातात. हा सौदा कोणत्या यंत्राला परवडतो आणि कोणत्याला नाही, हे त्या नोंदीच्या मोलावर ठरते. राउटरच्या दैनंदिन नोंदी गेल्या तरी चालते, म्हणून ओपनडब्ल्यूआरटी त्या मुळातच रॅममध्ये ठेवते. तिकिटाच्या पैशांची नोंद मात्र तिकीट निघताक्षणीच वहीत पडली पाहिजे.

हा हिशेब चुकला तर काय होते, याचे सार्वजनिक उदाहरण टेस्ला मोटारींचे आहे. २०१८ च्या सुरुवातीपर्यंत बनलेल्या काही मॉडेल एस आणि मॉडेल एक्स मोटारींच्या मधल्या पडद्यामागील संगणकात ८ गिगाबाइटची ईएमएमसी चिप होती. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा प्रशासनाच्या पाहणीनुसार त्या चिपेच्या प्रत्येक गठ्ठ्याला ३,००० चक्रे झेपत होती आणि दिवसाला सरासरी १.४ चक्रे खर्च होत होती. म्हणजे पाच ते सहा वर्षांत चिपेचे आयुष्य संपत होते. ती संपली की मागचे दृश्य दाखवणारा कॅमेरा आणि काचेवरचे धुके घालवण्याचे नियंत्रण यांवर परिणाम होत होता. २०२१ च्या फेब्रुवारीत सुमारे १,३५,००० मोटारी दुरुस्तीसाठी परत बोलावण्याचा निर्णय जाहीर झाला. चाके, मोटर आणि बॅटरी धडधाकट असताना एका लहानशा वहीची पाने संपल्यामुळे सुरक्षेचा प्रश्न उभा राहिला.

वही सुरक्षितपणे लिहिण्याची रीतही ठरलेली आहे, आणि हिशेबनीस तिच्याशी पूर्वीपासून परिचित आहेत. व्यवहार आधी रोजकीर्दीत नोंदवायचा आणि मग सावकाश खतावणीत चढवायचा. मध्ये अडथळा आला तर कीर्द पाहून खतावणी पुरी करता येते. अनेक फाइलप्रणाली अशीच कीर्द ठेवतात. फ्लॅशसाठी लिहिलेल्या, स्वीडनच्या ॲक्सिस कंपनीत सुरू झालेल्या जेएफएफएसने आणि २००१ मध्ये तिच्यातून आलेल्या जेएफएफएस-२ ने त्यापुढे जाऊन सगळी साठवणच कीर्दीसारखी केली : जुन्या पानावर कधी लिहायचे नाही, प्रत्येक बदल पुढच्या कोऱ्या पानावर नोंदवायचा आणि निकामी नोंदींचे गठ्ठे सवडीने पुसायचे. यामुळे झीजही विभागली जाते आणि वीज गेली तर फार तर शेवटची नोंद अपुरी राहते.

कार्यक्रम लिहिणाऱ्यालाही आपला वाटा उचलावा लागतो. मांडणीची फाइल उघडून तिच्यातच खाडाखोड केली आणि मध्येच वीज गेली, तर जुनी फाइल गेलेली असते आणि नवी झालेली नसते. म्हणून नवी मांडणी आधी वेगळ्या नावाच्या फाइलीत पूर्ण लिहायची, ती खरोखर फ्लॅशवर उतरली याची खात्री करणारी सूचना द्यायची, मग एकाच पावलात तिला जुन्या फाइलीचे नाव द्यायचे आणि शेवटी निर्देशिकेतील हा बदलही फ्लॅशवर पोहोचवायचा. नाव बदलण्याचे पाऊल अविभाज्य असते. ते झालेले असते किंवा झालेले नसते. त्यामुळे कोणत्याही क्षणी वीज गेली तरी उठणाऱ्या यंत्राला जुनी पूर्ण फाइल मिळते किंवा नवी पूर्ण फाइल मिळते, अर्धी मिळत नाही.

वही फाटली तर

इतके करूनही वही कधी ना कधी खराब होणार, हे धरून चालावे लागते, आणि याची सर्वांत लांबची साक्ष मंगळावरून आली आहे. नासाची स्पिरिट ही गाडी २००४ च्या जानेवारीत मंगळावर उतरली आणि २१ जानेवारीला तिचा पृथ्वीशी नीट संपर्क होईनासा झाला. तिच्यात २५६ मेगाबाइट फ्लॅश आणि १२८ मेगाबाइट रॅम होती. प्रवासात आणि उतरल्यानंतर फ्लॅशवर फाइलींची संख्या इतकी वाढली होती, की त्यांची यादी रॅममध्ये मांडायला जागा पुरेना. जागा न मिळाल्याने संगणक पुन्हा सुरू होई, सुरू होताना पुन्हा तीच यादी मांडू लागे आणि पुन्हा कोसळे. असे साठहून अधिक वेळा झाले, आणि रात्रीही जागी राहिल्यामुळे गाडीची बॅटरी उतरू लागली. जेट प्रॉपल्शन प्रयोगशाळेच्या अभियंत्यांनी अखेर तिला फ्लॅश न उघडता, रॅमलाच साठवण मानून उठण्याची आज्ञा दिली, मग नको असलेल्या फाइली काढल्या आणि नंतर फ्लॅश नव्याने आखून घेतली. ही गाडी त्यानंतर २०१० पर्यंत पृथ्वीशी बोलत राहिली. वहीशिवाय उठण्याची वाट तिच्यात आधीपासून ठेवलेली होती, म्हणून हे घडू शकले. दुरुस्तीसाठी तेथे कोणी जाऊ शकत नव्हते.

पृथ्वीवरील यंत्रांनाही हाच दंडक लागू पडतो. उठताना वही तपासावी, ती वाचता आली नाही तर दुरुस्त करून पाहावी, तेही जमले नाही तर ती कोरी करून किंवा तिच्याऐवजी धूळपाटी घेऊन मूळ मांडणीवर काम सुरू करावे आणि तसे मालकाला कळवावे. नव्या आवृत्तीच्या बाबतीतही असाच परतीचा मार्ग ठेवतात. अँड्रॉइडने २०१६ च्या ७.० या आवृत्तीपासून आणलेल्या पद्धतीत शिलालेखासाठी दोन जागा असतात. एका जागेवरची प्रणाली चालू असताना नवी प्रतिमा दुसरीवर उतरते, पुढच्या वेळी यंत्र तिच्यावरून उठून पाहते, आणि ती नीट उठली नाही तर जुनीकडे परतते. वही मात्र दोन्हींना एकच असते. म्हणून नव्या प्रणालीने वहीचा साचा असा बदलू नये, की परत यावे लागलेल्या जुन्या प्रणालीला ती वाचताच येणार नाही. परतीचा रस्ता बांधूनही अनेकदा याच ठिकाणी तो खचतो.

या साऱ्याचा ग्राहकाशी थेट संबंध आहे. यंत्र बंद पडले की, वीज वरखाली झाली असेल, असे म्हणून ते बदलले जाते, आणि ज्याच्या नोंदींची सवय कोणी मोजली नव्हती असे बाकी धडधाकट यंत्र इ-कचऱ्यात जाते. रुग्णालय, कारखाना किंवा नगरपालिका जेव्हा अशी शेकडो यंत्रे एकदम घेते, तेव्हा निविदेत तीन प्रश्न विचारण्याचा तिला पूर्ण अधिकार आहे : हे यंत्र रोज किती लिहिते आणि त्या हिशेबाने त्याची साठवण किती वर्षे पुरेल, लिहिताना वीज गेली तर कोणती नोंद जाऊ शकते, आणि लिहिण्याची जागाच निकामी झाली तर यंत्र उठते का. यंत्र बनवताना प्रत्येक फाइलीचे आयुष्य ठरवलेले असेल, तर या तिन्ही प्रश्नांची उत्तरे उत्पादकाच्या कागदांत आधीच लिहिलेली सापडतील.